काकांच्या गाडीचं नाक

हवेकडे इतक्या संशयाने पाहणारा माणूस उभ्या वऱ्हाडात दुसरा झाला नसेल. आपण हवा घेतो आणि सोडतो, मध्ये काही विचार करत नाही. घाटंजीचे आमचे काका मात्र ती आधी तपासत. सकाळी तोंड धुऊन ओट्यावर आले की डोळे मिटून उभे राहत, नाकाने हलकेच एक घोट घेत, तो जरा वेळ आत ठेवत आणि मग निकाल देत. "आज रुई जास्त हाय मास्तर, फुफाटा कमी. सांजच्याले उलटं होईन." आणि संध्याकाळी खरोखरच उलटं व्हायचं. हे काका म्हणजे माझ्या वडिलांचे मावसभाऊ. साठ सालच्या आसपास मला घाटंजीच्या शाळेत नोकरी लागली तेव्हा वडिलांनी मला त्यांच्या पुढच्या खोलीत नेऊन ठेवलं. तिथे मी काही वर्षं राहिलो आणि शाळेत पोरांना जेवढं शिकवलं त्याहून जास्त घरी शिकलो. फक्त त्यातलं काही कुठल्या परीक्षेला विचारत नाहीत.

काका गावच्या जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाची प्रत ठरवायचे. मूठभर कापूस घेऊन तो दोन्ही हातांच्या बोटांनी ओढून पाहिला की तो कुठल्या शिवारातला हे ते सांगत. एकदा एका व्यापाऱ्याने फुलसावंगीचा कापूस मुकुटबनचा म्हणून आणला. काकांनी त्याला बसवलं, चहा पाजला, बोटं कापसातच ठेवून त्याच्या घरच्या सगळ्यांची चौकशी केली आणि शेवटी विचारलं, "बाकी फुलसावंगीकडं पाऊसपानी कसं हाय औंदा?" व्यापारी उरलेला चहा बशीतच ठेवून गाड्या वळवायला उठला. अशा माणसावर त्या जिनाच्या गोऱ्या मॅनेजरचा जीव जडला नसता तरच नवल. तो कायमचा विलायतेला निघाला तेव्हा त्याने आपली गाडी काकांच्या स्वाधीन केली. दुसऱ्या कोणाला ती नकोच होती. ती होती स्पोर्ट्स कार. हिरवी, बुटकी, बिनछपराची, दोनच माणसं बसतील अशी. ती प्रथम दारात आली तेव्हा शेजारचे पाटील बराच वेळ तिच्याभोवती फिरले आणि म्हणाले, "उरलेली अर्धी मागून येऊन राह्यली का?"

पण एकदा का ती सुरू झाली की अख्खा घाटंजीचा बाजार मान वळवायचा. मी पुढे पुष्कळ गाड्यांत बसलो, पण यवतमाळच्या अलीकडच्या चढणीवर ती गाडी जशी अंगात आल्यासारखी सुटायची तसं काही पुन्हा अनुभवलं नाही. फक्त एक अडचण होती. ती बिचारी जन्मली होती पावसाळी, हिरव्या, स्वच्छ देशात, आणि तिच्या इंजिनाला हवा घ्यायला जे दोन वाटोळे डबे होते त्यांत नुसती तारेची जाळी होती. काका त्या डब्यांना नाकपुड्या म्हणत. आमच्याकडचा काळ्या मातीचा फुफाटा पिठाहून बारीक. तो त्या जाळीतून पाहुण्यासारखा आत जायचा आणि आत जाऊन सिलिंडर घासायचा. दोनदा इंजिन खोलून, घासून, मोठे पिस्टन घालून झाले. दुसऱ्या वेळी यवतमाळच्या म्हाताऱ्या मिस्त्रीने हात पुसत सांगितलं, "अब दीवार पतली हो गई, काकाजी. इसके आगे पिस्टन भी नहीं आता. अब की बार धूल गई, तो समझो गाडी गई." काका घरी आले, जेवले नाहीत, ओट्यावर बसून राहिले आणि दिवेलागणीला म्हणाले, "मास्तर, आता सारा प्रश्न नाकाचा हाय."

त्या दिवसापासून गाडीला कुठलं गाळणं बसवायचं हा त्या घरातला एकमेव विषय झाला. लोक मुलीला स्थळ पाहताना जेवढी चौकशी करत नाहीत तेवढी काकांनी हवेच्या गाळण्यासाठी केली. काकूंना मूलबाळ नव्हतं आणि काकांना दुसरं व्यसन नव्हतं, त्यामुळे काकू गाडीला सरळ सवत म्हणत. "तुमच्या काकाईनं दुसरी केली, अन् थेही गोरी," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. बाई हसतमुख, पण कापसाचा हंगाम आला की त्यांचं हसू अर्ध्यात तुटायचं. जिन आमच्या मागल्या अंगणापासून हाकेच्या अंतरावर. कार्तिकापासून तिथली रुई हवेत तरंगायला लागे आणि काकूंचा दमा उसळे. त्या रात्र-रात्र भिंतीला टेकून बसत. आणि आमचे काका सकाळी उठून गाडीच्या नाकपुड्यांत डोकं घालत. गावात बायका बोलायच्या की या माणसाला बायकोच्या छातीपेक्षा गाडीची छाती जास्त. मलाही ते पाहून कधीकधी राग यायचा, पण काकांपुढे राग फार वेळ टिकत नसे.

पहिलं स्थळ आलं मुंबईचं. चुण्याचुण्यांचा कागदाचा फिल्टर, नवीनच निघालेला. काकांची परीक्षेची रीत ठरलेली होती. जी हवा गाडीला द्यायची ती आधी मालकाने घेऊन पाहायची. त्यांनी तो फिल्टर तोंडावर धरला, दीर्घ श्वास घेतला आणि पसंती दिली. गाडी आठवडाभर सुखात चालली. मग हंगाम लागला, उडत्या रुईने त्या चुण्या भरून गेल्या आणि नेमक्या बाजाराच्या दिवशी गाडी ओळीने मांडलेल्या लाल मिरचीच्या ढिगांसमोर धापा टाकत बंद पडली. काकांनी फिल्टर काढला, गुडघ्यावर आपटला आणि सवयीने तोंडावर धरून ओढून श्वास घेतला. इंजिनाने बंद पडण्याआधी काय काय ओढलं होतं याचा त्या घाईत त्यांना विसर पडला. मिरचीवाल्या बायांनी आधी पदर तोंडाला लावले, मग एकीने तांब्याभर पाणी दिलं, आणि बाजार उठेपर्यंत काका गाडीच्या मडगार्डवर बसून शिंकत होते. मधल्या उसंतीत ते मला म्हणाले, "कागद चांगला हाय. पन थो आपल्या गावचा नाही."

दुसरं स्थळ जीपचं. त्यात खाली तेल भरलेलं, हवा तेलावरून वळून जाते, धूळ तेलात बुडते. काकांना ही युक्ती इतकी पटली की मापाचा विचार न करता त्यांनी ते अवजड पातेलं बसवलंच. गाडीचं बॉनेट लागेना, म्हणून त्याला भोक पाडलं, आणि आमची ती नाजूक गाडी डोक्यावर हंडा घेऊन पाण्याला निघाल्यासारखी गावातून फिरू लागली. धूळ आत जाईना हे खरं, पण हवाही जेमतेमच जायची. चढणीवर तिचा वेग इतका मंदावला की मागून येणारा एक गाडीवान बराच वेळ आमच्या बरोबरीने चालत राहिला आणि शेवटी राहवेना म्हणून म्हणाला, "काका, मागं बांधून घेऊ का?" काकांनी त्याचे आभार मानले आणि दुसऱ्या दिवशी पातेलं उतरवलं. मग कुंपणावरच्या वाळलेल्या घोसाळ्याची जाळी लावून पाहिली. ती फार छान चालली, फक्त तिच्यात राहिलेल्या बिया इंजिनाने गिळल्या आणि धुराड्यातून भाजून बाहेर टाकल्या. त्या आठवड्यात काका रस्त्याने गेले की मागे कोंबड्या धावायच्या.

चांगलं गाळणं सापडेपर्यंत काकांनी एक पथ्य पाळलं. समोर बैलगाड्या दिसल्या की ते गाडी रस्त्याच्या कडेला घ्यायचे, इंजिन बंद करायचे आणि धूळ खाली बसेपर्यंत लिंबाखाली थांबायचे. बैलगाड्या नसतील असा रस्ता आमच्या जिल्ह्यात नव्हता, त्यामुळे जिल्ह्यातल्या सगळ्यांत वेगवान गाडीतून आम्ही सगळ्यांत उशिरा पोचत असू. मुकुटबनला एका लग्नाला निघालो, काकू काकांशेजारी आणि मी मागच्या कठड्यावर, तर पोचेस्तोवर अक्षता पडून, पंगती उठून, आचारी भांडी घासायला बसले होते. काकूंनी रागाने आहेराचं पाकीट काकांच्या मांडीवर टाकलं. काका शांतपणे उरलेली बुंदी खात म्हणाले, "लगन काय, पुन्हा लागन कोनाचं तरी. इंजिन कुठून आनू?"

आणि मग उत्तर घरातच सापडलं. आमच्याकडे पिण्याचं पाणी जुन्या लुगड्याच्या चौघडी फडक्यातून गाळून भरतात. ते फडकं रोज धुऊन दोरीवर वाळत घालायचं, ही प्रत्येक घरची रीत. एका सकाळी काकू हंड्यावर फडकं बांधून पाणी ओतत होत्या आणि काका त्यांच्याकडे असे पाहत उभे राहिले की काकूंनी पदर नीट केला. काका म्हणाले, "पानी गाळून पेतो आपन. हवा काहून नाही?" त्यांनी ते ओलं फडकं तिथल्या तिथे सोडलं, तोंडाला बांधलं आणि रस्त्यावर जाऊन कापसाच्या गाड्यांमागे चालायला लागले. पुढे कित्येक दिवस घाटंजीच्या लोकांनी हे दृश्य पाहिलं. तोंडाला फडकं बांधलेले काका सगळ्यांत दाट धुळीतून चालत आहेत, मध्येच फडकं सोडून आतली बाजू डोळ्यांशी धरून पाहत आहेत, आणि सायकल हातात धरून मी मागे, वाळलेली फडकी खांद्यावर टाकून. कधी दुघडी, कधी चौघडी, कधी मांजरपाट, कधी धोतर. सहाघडीला त्यांना घेरी आली तेव्हा त्यांना मी सायकलवर बसवून आणलं. निकाल असा लागला की नव्या कापडाचे तंतू सुटून आत जातात, जाड कापड श्वास कोंडतं, आणि गाळण्याचं खरं कापड एकच, काकूंनी वर्षानुवर्षं नेसून, धुऊन मऊ केलेलं लुगडं, चौघडी. "नव्या कापडाले श्वास घेता येत नाही, मास्तर," ते म्हणाले. "माणसाच्या अंगावर राहून थे शिकते."

काकूंची जुनी लुगडी एकेक करून नाहीशी होऊ लागली. "सवतीले माह्यंच लुगडं नेसवा, माह्याच समोर," त्या कडाडल्या. पण काकांना ती टोपडी शिवता येईनात तेव्हा शिवायला त्याच बसल्या. नाकपुड्यांच्या डब्यांवर चढतील अशी दोन दोन टोपडी, तोंडाशी नाडी. शिवून झालेलं प्रत्येक टोपडं त्या मुठीवर चढवून पाहायच्या. त्या घरात टोपडी शिवण्याचा तो पहिलाच प्रसंग होता, आणि ते आम्हा तिघांनाही कळत होतं. एक जोडी गाडीवर, तेलाचा हात फिरवून. दुसरी धुतलेली, कोरडी, काकांच्या सदऱ्याच्या खिशात. परीक्षेतली नापास फडकी काकांनी टाकली नाहीत. काकूंच्या पलंगाजवळच्या खिडकीला त्यांनी ती ताणून लावली आणि सांगितलं की दिवसाकाठी किती रुई अडते ते पाहायचं आहे, गाडीसाठी. ती ते रोज संध्याकाळी स्वतः धुवायचे. त्या हिवाळ्यात काकू भिंतीला टेकून कमी आणि आडव्या होऊन जास्त झोपल्या. मी त्याकडे लक्ष दिलं नाही. गावाने तर नाहीच.

गाडी मात्र नुसती बहरली. लुगड्याच्या लाल काठाचा तुकडा बॉनेटच्या भोकातून दिसायचा आणि ती चढण अशी चढायची की मागच्या कठड्यावर बसलेल्या माझ्या डोळ्यांतून पाणी यायचं. मिस्त्रीने इंजिनावर कान ठेवून पाहिलं आणि काकांना सलाम केला. "ये तो बीस साल चलेगी," तो म्हणाला. काकांचा चेहरा त्या दिवशी पाहण्यासारखा होता.

पुढच्या हंगामात, भर दुपारी, काकूंना जो झटका आला तो खिडकीच्या फडक्यांना जुमानणारा नव्हता. संक्रांतीचं वाण द्यायला त्या नवं लुगडं नेसून शेजारी गेल्या होत्या आणि जिनाच्या अंगणातून येताना रुईची वावटळ अंगावर आली. घरी आणल्या तेव्हा ओठ निळे पडले होते. गावातले डॉक्टर म्हणाले, हे माझ्या हातातलं नाही, ताबडतोब यवतमाळच्या दवाखान्यात न्या. काकांनी त्यांना उचलून गाडीत बसवलं. मी मागच्या कठड्यावर, एका हाताने काकूंचा खांदा आणि दुसऱ्या हाताने पाण्याची छागल धरून. गाडी निघाली आणि निम्मी वाट कशी सरली कळलंच नाही. मग समोर बैलगाड्या दिसल्या. एक, दोन नव्हे, चढण संपेपर्यंत कापसाच्या गाड्यांची रांगच होती आणि रस्त्यावर रुई आणि फुफाट्याची भिंत उभी होती.

काका थांबले नाहीत. ज्या माणसाने धूळ बसावी म्हणून लग्न चुकवलं, तो त्या धुळीत शिरला. भोंगा वाजवत, कडेच्या खड्ड्यांतून एकेक गाडी मागे टाकत आम्ही निम्मी चढण चढलो आणि इंजिन खोकायला लागलं. इकडे काकू खोकत होत्या, तिकडे गाडी. मग गाडीचं अवसानच गेलं आणि ती जागेवर उभी राहिली. काकांनी उडी मारून बॉनेट उघडलं. टोपड्यांवर रुईची गादी बसली होती, घोंगड्यासारखी घट्ट. त्यांनी ती ओढून फेकली आणि खिशातून दुसरी जोडी काढली, धुतलेली, कोरडी. मी म्हणालो, "लवकर चढवा, काका."

त्यांनी मान वर करून काकूंकडे पाहिलं. काकूंनी नव्या लुगड्याचा पदर नाकाशी धरला होता आणि प्रत्येक श्वासाला त्यांची मान मागे जात होती. काकांनी त्यांचा हात धरून तो पदर बाजूला केला. टोपड्याची शिवण दातांनी उसवली, चौघडी मोकळी केली, माझ्या हातातल्या छागलीतून ती भिजवली आणि काकूंच्या नाकातोंडावर बांधली. दुसरं टोपडं माझ्या हातात दिलं. "हे मळलं की थे बांधजो. भिजवून." मी म्हणालो, "आणि गाडीला?" ते तोवर आपल्या जागेवर बसले होते. "तिले उघडीच जाऊ दे," ते म्हणाले.

नाकपुड्या उघड्या पडलेली ती गाडी तशी कधीच धावली नव्हती. तिच्या श्वासाचा आवाज मला आजही ऐकू येतो, आणि त्या आवाजात पुढे पुढे मिसळत गेलेली बारीक करकरही. ती मला ऐकू येत होती म्हणजे काकांना नक्कीच येत होती. त्यांनी पाय वर घेतला नाही. एकदाही मागे पाहिलं नाही, फक्त थोड्या थोड्या वेळाने विचारत होते, "फडकं पाह्यलं का, मास्तर?" मी पाहत होतो. बाहेरून काळं झालं होतं. आतून, काकूंच्या ओठांशी, ते स्वच्छ होतं. दवाखान्याच्या दारात मी दुसरं बांधलेलं टोपडं सोडलं तेव्हा काकू शुद्धीवर होत्या. डॉक्टरांनी सुई दिली, आणि काही वेळाने छाती भरून आलेली दिसेल असा पहिला लांब श्वास त्यांनी घेतला. काका व्हरांड्यात भिंतीशी खाली बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडले. मी त्या माणसाकडे पाहत उभा राहिलो. याला गाडीपेक्षा बायको कमी, असं म्हणणारे लोक तेव्हा तिथे असायला हवे होते, असं मला फार वाटलं.

गाडी घरापर्यंत आली, निळा धूर सोडत. पुढे काही दिवस ती सकाळी कुरकुरत सुरू व्हायची, मग तेही बंद झालं. मिस्त्री मुद्दाम यवतमाळहून आला, कान लावायची गरजही त्याला पडली नाही. तो काकांच्या खांद्यावर हात ठेवून नुसता बसून राहिला. लोक चार दिवस भेटायला येत होते, काही जण हळहळत. काका सगळ्यांना सुपारी देत आणि कापसाच्या भावावर बोलत. गाडी मागच्या अंगणात लिंबाखाली उभी राहिली. त्या वर्षापासून हंगामात काकूंना माहेरी धाडायचं ठरलं, आणि काकाही सुट्टी काढून बरोबर जायला लागले, एसटीने, तोंडाला फडकं बांधून, दोघंही.

माझी बदली झाली. पुष्कळ वर्षांनी एकदा दिवाळीच्या सुमारास गेलो तेव्हा काका अंगणात गाडीजवळ वाकून उभे होते. बॉनेट उघडं होतं. टायर केव्हाच जमिनीत रुतले होते, सीटवर वाळक्या लिंबोळ्यांचा सडा होता. काकू पायरीवर बसून जुन्या लुगड्याची चौघडी शिवत होत्या, लाल काठाची. पूर्वी ज्या लुगड्यासाठी त्या भांडायच्या ते आता त्यांनी स्वतःच बाजूला काढून ठेवलं होतं. शिवून झालेलं टोपडं त्यांनी काकांच्या हातात दिलं, काकांनी ते त्या गंजलेल्या डब्यावर चढवलं आणि नाडीची गाठ दोनदा ओढून पाहिली.

मी विचारलं, "आता कशाला बांधता, काका? ही काय चालायची आहे थोडीच?"

त्यांनी दुसऱ्या टोपड्यासाठी काकूंकडे हात पुढे केला. "चालायसाठी नाही, मास्तर," ते म्हणाले. "त्या दिवशी उघडी नेलती ना तिले."